ढेकूण एका घराचे नसतात

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव या शहरांत वाडे आणि बैठी घरे पाडून अपार्टमेंट उभे राहिले, तशी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडे राहू लागली. पाण्याची टाकी, जिना आणि गच्ची सामाईक असते, हे सगळ्यांना मान्य आहे. ढेकूणही सामाईक असतात, हे मात्र कोणी मान्य करायला तयार नसते. गादीच्या शिवणीत एक ढेकूण सापडला की घरातली माणसे आवाज खाली करतात, शेजाऱ्यांची चाहूल घेत गादी गच्चीवर नेतात आणि शेतासाठी आणलेल्या औषधातले थोडे घरात मारून मोकळी होतात. ढेकणांबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून फुटलेले आहेत. ती समजूत अशी की हा आपल्या घराच्या स्वच्छतेचा, म्हणजेच अब्रूचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो इमारतीचा प्रश्न आहे, आणि घरापुरता हाताळला की तो वाढत जातो.

अस्वच्छतेमुळे ढेकूण होतात, ही समजूत सगळ्यांत चिवट आहे. झुरळ उष्ट्या-खरकट्यावर जगते, माशी घाणीवर बसते. ढेकूण यातले काहीच खात नाही. त्याचे अन्न फक्त रक्त. झोपलेल्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागाने तो येतो, आणि या तीन गोष्टी चकचकीत फ्लॅटमध्येही तेवढ्याच असतात. त्याला पंख नाहीत, त्यामुळे तो उडून येत नाही. तो आणला जातो: बॅगेच्या चेनमधून, अंथरुणाच्या वळकटीतून, जुन्या सोफ्यातून, वसतिगृहातून सुटीला आलेल्या मुलाच्या सामानातून. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवर रोज माणसे चढतात-उतरतात, लग्नसराईत एका घरात पंचवीस पाहुणे झोपतात. अशा ठिकाणी ढेकूण येणे हा कोणाचा दोष नाही. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की २०१७ ते २०२२ या काळात त्या देशातल्या दहातल्या एकाहून अधिक कुटुंबांना ढेकणांचा त्रास झाला होता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, ढेकणांवरून मोठा गहजब झाला. तरी एक गोष्ट खरी की अडगळ असेल तर त्यांना लपायला जागा जास्त मिळते आणि शोधणे अवघड होते. पण अडगळीमुळे ते येत नाहीत. म्हणून कोणत्या भाडेकरूने आणले, कोणत्या कामवाल्या ताईंच्या पिशवीतून आले, हा शोध निरुपयोगी आहे आणि अन्यायाचाही.

दुसरी घाई होते ती निदानात. सकाळी अंगावर गांध्या दिसल्या, म्हणजे ढेकूणच, असे नाही. डास, पिसवा, खरूज, एखाद्या औषधाची ॲलर्जी, यांतल्या कशानेही तशा गांध्या उठू शकतात. तीन गांध्या एका ओळीत आल्या तर तो हमखास ढेकूण, हेही खात्रीचे लक्षण नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. अनेकांच्या अंगावर ढेकूण चावल्याची काहीच खूण उठत नाही आणि काहींना ती काही दिवसांनी उठते. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकटाच खाजवत असेल, तर दुसऱ्याला ढेकूण चावत नाहीत असा अर्थ काढता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा पाण्यापासून शाम्पूपर्यंत अनेक गोष्टींवर संशय गेला आणि शेवटी तज्ज्ञांच्या पथकांना येऊन नमुने घ्यावे लागले. जिल्ह्याने तेव्हा पाहिलेच आहे की अंदाजाने धावपळ वाढते आणि पुराव्याने कमी होते. ढेकणांच्या बाबतीत पुरावा शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, टॉर्च पुरतो.

तो टॉर्च घेऊन पाहायचे ते असे. गादी उभी करून तिच्या कडेची पट्टी बोटांनी उलगडावी. पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोके, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, भिंतीवरच्या स्विच बोर्डाची कड आणि पडद्याची चुणी, सगळे पाहावे. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, तांबूस-तपकिरी आणि चपटा असतो. रक्त प्यायला की फुगून लांबट होतो. पिल्ले फिक्या, जवळजवळ पारदर्शक रंगाची असतात. मोठे होईपर्यंत ती पाच वेळा कात टाकतात आणि प्रत्येक कातीआधी त्यांना एकदा रक्त लागते, म्हणून त्या पोकळ, गव्हाळ काती सांध्यांत साचलेल्या दिसतात. अंडी साधारण १ मिलिमीटरची, पांढरी आणि चिकटवलेली. सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे शाईच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. ओल्या कापडाने ठिपका पुसला आणि तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर संशय पक्का होत जातो. एखादा किडा सापडला तर तो चिरडू नये, पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवावा. जाणकाराला दाखवायला तो उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या एका उंच निवासी इमारतीत पहिला ढेकूण नोंदला गेल्यापासून ४१ महिन्यांत ४५ टक्के घरांत ढेकूण पोहोचले, असे कीटकशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले. ज्यांच्या घरात ते होते, त्यांतल्या जवळपास निम्म्या रहिवाशांना त्याचा पत्ताच नव्हता. या दुसऱ्या निष्कर्षावर थांबून विचार करायला हवा. “आमच्याकडे ढेकूण नाहीत” हे वाक्य माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, आणि तरी ते खरे नसू शकते. दाराखालची फट, वायरिंगचे पाइप, प्लंबिंगची डक्ट, भिंतीतल्या भेगा, यांतून ढेकूण चालत शेजारी जातो. एका घरात जोराची फवारणी झाली की काही ढेकूण पळून पलीकडे जातात. पलीकडच्याने स्वतःपुरती फवारणी केली की ते परततात. दोन कुटुंबे वर्षभर असा खर्च करत राहतात आणि दोघांनाही वाटते की औषधात भेसळ होती.

यावर आक्षेप येतो की हे सांगायला सोपे आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “आमच्याकडे ढेकूण निघाले” असे कोण लिहील? फ्लॅटचा भाव पडेल, भाडेकरू फिरकणार नाही, मुलांशी कोणी खेळणार नाही. ही भीती खोटी नाही. आपल्या भाषेतच ढेकूण कुसंगतीचा दाखला म्हणून येतो, तिथे माणूस संकोचणारच. पण लपवल्याने काय वाचते, ते पाहा. एक मादी आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालते, आणि उबदार हवेत ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पहिल्या महिन्यात सांगितले तर प्रश्न दोन-तीन घरांचा असतो. सहा महिन्यांनी तो जिन्यावरच्या सगळ्यांना आपोआप कळलेला असतो आणि खर्च कितीतरी वाढलेला असतो. ज्याने आधी सांगितले त्याने इमारतीवर उपकार केले, असे सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांनी स्वतःहून म्हणायला हवे. सूचना फ्लॅट क्रमांक न घालताही काढता येते. खर्च कोणी करायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण मजल्यावरच्या सगळ्या घरांचे काम एकदम दिले तर एकेकट्याने दोनदा-तीनदा करण्यापेक्षा ते स्वस्त पडते, हे हिशेब मांडला की दिसते.

आता औषधाविषयी. “जालीम औषध मारा, एका रात्रीत संपतील” ही समजूत ढेकणांपेक्षा घातक आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारले गेले. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही मेले. पुढे ढेकणांत डीडीटीला न जुमानणारी पिढी तयार झाली, फवारणीने ढेकूण मरण्याऐवजी चवताळतात असे लोकांना दिसू लागले आणि अनेक ठिकाणी घरोघरी फवारणीला विरोध झाला. आज बाजारात सहज मिळणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातल्या फवाऱ्यांनाही जगभरच्या ढेकणांनी तसाच प्रतिकार मिळवला आहे. धूर सोडणारे डबे आणि डासांसाठीची धूरफवारणी फटीत शिरतच नाही. एकेकाळी ढेकणांसाठी घराघरांत वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तरी जुनी बाटली माळ्यावर असेल, तर ती उघडू नका. कपाशी-सोयाबीनचे औषध घरात मारण्याचा मोह आपल्या भागात विशेष, कारण ते हाताशी असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही मोकळ्या शिवारात. तेच विष दहा बाय बाराच्या बंद खोलीत, लेकराच्या अंथरुणावर, काय करील?

धान्याच्या गोळ्यांबद्दल तर ठासून सांगायला हवे. शेतातला वर्षभराचा गहू, ज्वारी, तूर फ्लॅटमध्येही कोठीत भरून ठेवणारी घरे जिल्ह्यात खूप आहेत, आणि त्यासाठी आणलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या “ढेकणांनाही चालतात” म्हणून पलंगाखाली ठेवल्या जातात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. तो फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो. कायद्याने हे रसायन सरकारमान्य तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे असते, आणि माणसे राहत असलेल्या खोलीत तर कधीच नाही. रसायन कोणतेही असो, बंद खोली त्याला घातक बनवते. २०२० च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या बिबवेवाडीत घरात ढेकणांसाठी पेस्ट कंट्रोल झाल्यावर परतलेल्या एका दांपत्याचा मृत्यू झाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या हुरघडा इथे एका ब्रिटिश दांपत्याचा बळी गेला. त्यांच्या शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी फवारणी झाली होती. ढेकूण चावल्याने खाज येते, झोप उडते, मन त्रासते. पण माणसात रोग पसरवतात असा पुरावा त्यांच्याविरुद्ध आजवर सिद्ध झालेला नाही, कावीळ किंवा एचआयव्हीही त्यांच्यामुळे होत नाही. खाज देणाऱ्या किड्यासाठी जीव घेणारा वायू घरात आणणे हा सौदाच चुकीचा आहे.

मग आमचा उन्हाळा आहेच, असे कोणी म्हणेल. खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. गादी उन्हात टाकली की झाले. यात अर्धे तथ्य आहे. उष्णता हे ढेकणांवरचे खात्रीचे अस्त्र आहे, आणि जुन्या बायका बाजेच्या खुरांवर, सुतळीच्या गाठींवर उकळते पाणी ओतत, ते शास्त्रशुद्धच होते. पण ४८ अंशांना मोठा ढेकूण मरायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि अंड्यांना तासाहून अधिक. उन्हात गादीची वरची बाजू भाजते, खालची बाजू आणि आतला कापूस तेवढा तापत नाही, आणि ढेकूण तिकडे सरकतो. म्हणून चादरी-अभ्रे-गोधड्या उकळत्या पाण्यात बुडवणे, पलंगाच्या सांध्यांवर वाफ किंवा उकळते पाणी सोडणे, व्हॅक्यूमने शिवणी ओढून घेणे आणि गादीला चेनचे पूर्ण बंद कव्हर घालणे, हे उन्हापेक्षा कामाचे. स्विच बोर्डाजवळ मात्र पाणी नेऊ नये. पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवण्याचा जुना उपायही चांगला, पण त्यात एक बारकावा आहे. आपल्या उष्ण प्रदेशात आढळणारी ढेकणाची जात थंड देशांतल्या जातीपेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग चांगला चढते, हे मलेशियातल्या संशोधकांनी दाखवले आहे. म्हणून कोरडी वाटी पुरत नाही, तिच्यात साबणाचे पाणी हवे, आणि पलंग भिंतीपासून सुटा हवा.

घर महिनाभर बंद ठेवून गावी गेल्याने ढेकूण उपाशी मरत नाहीत, ते कित्येक आठवडे, थंडीत कित्येक महिने, रक्तावाचून तग धरतात. दुसऱ्या खोलीत झोपायला गेले की ते मागोमाग तिथे पोहोचतात. गादी जिन्यातून ओढत नेऊन कचऱ्याजवळ टाकली तर तिच्यातले ढेकूण वाटेतल्या प्रत्येक दाराशी उतरू शकतात, आणि ती उचलून नेणाऱ्या गरिबाच्या घरी उरलेले जातात. टाकायचीच असेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, फाडून, वर ठळक लिहून टाकावी.

व्यावसायिक बोलावताना त्याच्याकडे कृषी विभागाचा परवाना आहे का ते पाहावे, वापरायच्या रसायनाचे नाव लेखी मागावे, घरात परत कधी शिरायचे आणि खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या ते विचारावे. “गोळ्या ठेवतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. ज्या घरात ढेकूण सापडले त्याच्या डावी-उजवीकडची, वरची, खालची आणि समोरची घरे त्याच आठवड्यात तपासली गेली पाहिजेत. बहुतेक औषधे अंड्यांपुढे हरतात, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी आणि पुढे दोन महिने अधूनमधून टॉर्च घेऊन तपासणी, एवढे ठरवूनच काम द्यावे. आणि आज रात्री तुमच्या गादीच्या कडेला ते काळे ठिपके दिसले, तर औषधाच्या दुकानाकडे जाण्याआधी शेजारच्या घरी जाऊन सांगा.