वाऱ्याला चकवणारा बुर्ज

फार उंच इमारत उभारताना वजनाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, चिंता असते ती वाऱ्याची. वारा इमारतीला वळसा घालून जातो तेव्हा दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर झोक्याला नेमक्या क्षणी धक्के देत राहावे तसे तिचे डोलणे वाढत जाते.

८२८ मीटर उंचीच्या दुबईतील बुर्ज खलिफाचे काम २००४ मध्ये सुरू झाले. अभियंता बिल बेकर आणि वास्तुविशारद एड्रियन स्मिथ यांनी वाऱ्यालाच चकवायचे ठरवले. इमारतीचे तीन पंख टप्प्याटप्प्याने आखूड होत जातात. त्यामुळे प्रत्येक उंचीवर आकार वेगळा, भोवऱ्यांची लय वेगळी. ते एकजुटीने धक्का देऊ शकत नाहीत. मधला षट्कोनी गाभा आणि तीन पंख एकमेकांना टेकू देतात.

पायाखालचा खडक मऊ. म्हणून सुमारे ५० मीटर खोलवर गेलेले १९० हून अधिक काँक्रीटचे खांब भोवतालच्या खडकाशी होणाऱ्या घर्षणावर भार पेलतात.

उन्हाळ्यात काँक्रीट वर पोहोचण्याआधीच घट्ट होण्याचा धोका होता. त्यामुळे बर्फ मिसळून ते रात्री ओतले जाई. पंपाने ते ६०० मीटरपेक्षा उंच चढवले, हा तेव्हा विक्रमच. त्याच्या वरचा भाग पोलादी आहे. शेंड्याचा मनोरा इमारतीच्या आतच जोडला आणि हायड्रॉलिक जॅकने वर सरकवला. ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटन झाले.