सूर्याविण संसार

जगातले सारे अन्न अखेर सूर्यनारायणाच्या कृपेचे, असे आपण शाळेत शिकलो. गवत, गाय आणि आपल्या वाटीतले दही, हा हिशेब चोख जुळतो. परंतु १९७७ साली ‘आल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी गॅलापागोस बेटांजवळ अडीच हजार मीटर खोल उतरली, आणि या हिशेबाबाहेरचा एक संसार दृष्टीस पडला. निबिड अंधारात, तळाच्या भेगांतून ऊन पाणी वर येत होते आणि भोवती शिंपले, खेकडे व नळ्यांत राहणारे लांबलचक कृमी यांची दाटी होती! या कृमींना ना तोंड, ना आतडे. अंगात वस्तीला असलेले जंतूच त्यांना पोसतात.

मग त्या जंतूंची चूल पेटते कशावर? समुद्राचे पाणी भेगांतून खाली मुरते, तप्त खडकांतून हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन, मिथेन असे वायू घेऊन वर येते. काही ठिकाणी ते ३५० अंश सेल्सियसहून अधिक तापलेले असते. बाहेर मात्र दोन अंशांचे थंडगार पाणी, पण त्यात प्राणवायू. निव्वळ उष्ण पाण्यात जंतू होरपळतील, निव्वळ थंड पाण्यात उपाशी मरतील. त्यांचा संसार चालतो तो या दोहोंच्या संगमावर.

म्हणूनच शास्त्रज्ञ गणिताने हा संगम कागदावर मांडतात. मॅकॉलम आणि शॉक यांनी १९९७ साली असा हिशेब केला. सुमारे ३८ अंशांखाली प्राणवायूच्या साह्याने सल्फाइड ‘जाळणाऱ्या’ जंतूंची चंगळ, त्याहून उष्ण पाण्यात मिथेन बनविणाऱ्यांची, असे त्यातून निघाले. पण पाणी काही स्वस्थ बसत नाही. प्रवाह फार वेगाचा असला तर घास तोंडापुढून निघून जातो. फार मंद असला तर प्राणवायू वाटेतच संपतो. शिवाय जंतू खातात, तसे पाणीही बदलते. म्हणून रसायन, जंतू आणि प्रवाह ही तीनही गणिते एकत्रच सोडवावी लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. तेथून उडणाऱ्या फवाऱ्यांतून ‘कॅसिनी’ यान २०१५ साली गेले. त्या फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. म्हणजे ताट वाढलेले दिसते. ते अजून भरलेले आहे, ते जेवणारा कोणीच नाही म्हणून, की वाढपी खाणाऱ्याहून सढळ आहे म्हणून? याचे उत्तर शोधताना आपल्याच समुद्रतळावर शिकलेले हे गणित उपयोगी पडणार आहे.