थंड एंजिनाचा प्रारंभ आणि जुना कार्ब्युरेटर

जालना जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील थंड वारे वाहू लागले म्हणजे पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि क्वचित त्याहीखाली उतरते. दूध पोचवावयाची, मोंढा गाठावयाची घाई नेमकी याच वेळी असते, आणि जुनी मोटारसायकल नेमकी याच वेळी दहा-वीस किक मारूनही चालू होत नाही. अशा काही सकाळी गेल्या की ‘एंजिन संपले’ असा निर्णय होतो. जालन्यातील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतेच. त्यामुळे टाकून दिलेल्या यंत्राला गिऱ्हाईक मिळावयास वेळ लागत नाही. वस्तुतः अशा कित्येक एंजिनांत मोडतोड अशी काहीच झालेली नसते. थंड एंजिनाला काय हवे असते, याविषयीची समजूत मात्र अपुरी असते. ती नीट व्हावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

ज्या यंत्रांविषयी हा प्रश्न मुख्यतः उद्भवतो ती सर्वांच्या परिचयाची आहेत. भारतीय सैन्याने पसंत केलेली आणि १९५५ नंतर मद्रास येथे तयार होऊ लागलेली एन्फील्ड बुलेट, म्हैसूर येथे १९६० नंतरच्या दशकांत बनलेली जावा व तिची उत्तराधिकारी येझदी, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत ही त्यांतील प्रमुख नावे होत. या सर्वांत इंधन व हवा यांचे मिश्रण करण्याचे काम साध्या यांत्रिक कार्ब्युरेटरकडे असे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणविषयक मानकांनंतर नव्या मोटारसायकलींत त्याची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. अंतःक्षेपणात तापमान मोजून त्याप्रमाणे इंधन वाढविण्याचे काम विद्युत्-यंत्रणा करते. जुन्या यंत्रात ते काम चालकालाच करावे लागते.

पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ही संख्या बाष्प झालेल्या पेट्रोलची आहे, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्याचे घटक साधारणतः ३५ ते २०० अंशांपर्यंतच्या निरनिराळ्या तापमानांना उकळतात. एंजिन तापलेले असता बहुतेक सर्व घटकांची वाफ होते. थंड एंजिनात मात्र केवळ हलके घटक वायुरूप होतात. उरलेले पेट्रोल थेंबांच्या रूपाने नळीच्या व सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहते. म्हणून ठिणगीपाशी पेटण्याजोगे मिश्रण पोचावे यासाठी प्रत्यक्षात कितीतरी अधिक पेट्रोल पुरवावे लागते.

याच क्षणी कार्ब्युरेटर सर्वांत दुर्बळ असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते. किक मारताना एंजिनाचे फेरे चालू एंजिनाच्या मानाने अगदीच थोडे असतात. हवेचा वेग कमी, म्हणून ओढ कमी, आणि ओढ कमी म्हणून पेट्रोलही कमी. गरज अधिक आणि पुरवठा उणा, असा हा दुहेरी पेच आहे.

तो सोडविण्यासाठी जुन्या रचनाकारांनी दोन साधने दिली. पहिले म्हणजे फ्लोटच्या कोठीवरील लहानशी खुंटी. ती दाबली असता फ्लोट खाली जातो, कोठीतील पेट्रोलची पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि थोडे पेट्रोल जेटमधून आपसूक बाहेर येते. ॲमल जातीच्या आणि जावावरील कार्ब्युरेटरांत ही सोय आढळते. दुसरे साधन चोक. तो हवेची वाट अडवितो किंवा वेगळ्या मार्गाने जादा पेट्रोल देतो. परिणाम एकच, मिश्रण समृद्ध होते. खुंटीचा आणखी एक उपयोग सहसा ध्यानात येत नाही. गाडी काही दिवस उभी राहिली की कोठीतील पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, आणि थंडीत पेट घेणारे घटक तेच असतात. खुंटी दाबल्याने टाकीतील ताजे पेट्रोल कोठीत उतरते.

चोक लावून थ्रॉटल मोठा उघडणे ही नेहमीची चूक होय. थ्रॉटल जवळजवळ बंद असतानाच त्याच्या मागील बाजूस पुरेशी ओढ निर्माण होते आणि मंदगतीचा जेट काम करू लागतो. थ्रॉटल उघडताच ती ओढ नाहीशी होते. याउलट, पुनःपुन्हा खुंटी दाबून किक मारीत राहिल्यास प्लग भिजतो व ठिणगी पडत नाही. अशा वेळी चावी बंद करून, चोक काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ वेळा किक फिरवावी. साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. तेवढ्याने न भागल्यास प्लग काढून पुसावा. खुंटीखाली पेट्रोल ठिबकत असता जवळ विडी वा दिवा नसावा, हे वेगळे सांगावयास नको.

३४६ घनसेंटिमीटरच्या बुलेटमध्ये दट्ट्याची जागाही महत्त्वाची असते. किक हळू दाबीत नेली की दाबाच्या फेऱ्यात ती अडते. तेथे डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून अँपिअरमापकाचा काटा मध्यावर येईपर्यंत दट्ट्या किंचित पुढे न्यावा, खटका सोडून किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी. यामुळे पुढील दाबाच्या फेऱ्यापर्यंत चाकाला गती घेण्यास जवळजवळ दोन पूर्ण फेरे मिळतात. थंडीने घट्ट झालेले तेल आणि मंदावलेली बॅटरी यांवर मात करण्यास ही गती उपयोगी पडते. जोर तोच, परंतु तो योग्य जागी खर्च होतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला इंधनाची नवी बाजू प्राप्त झाली आहे. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२५ पर्यंत देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला वजनाच्या केवळ ९ पट हवा पुरते. २० टक्के मिश्रणाचे गुणोत्तर त्यामुळे सुमारे १३.५ येते. जुने जेट शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेले असल्याने तेच यंत्र, काहीही न बिघडता, सात-आठ टक्के विरळ मिश्रण देऊ लागते. शिवाय एक ग्रॅम पेट्रोलची वाफ होण्यास सुमारे ८० कॅलरी, तर इथेनॉलला सुमारे २०० कॅलरी उष्णता लागते. थंड एंजिनाजवळ ही उष्णता मुळातच तुटपुंजी असते. पेट्रोलचे हलके घटक मिश्रणात कायम असल्याने प्रारंभ अशक्य होत नाही. परंतु पूर्वी अर्ध्या चोकवर चालू होणारी गाडी आता पूर्ण चोक मागते, आणि चोक काढताच बंद पडू पाहते.

यावर उपायही साधाच आहे. ॲमल कार्ब्युरेटरातील मंदगतीचा स्क्रू हवेचे नियमन करतो. तो किंचित आत फिरविला की मिश्रण समृद्ध होते. तेवढ्याने न भागल्यास एका मापाने मोठा जेट बसवावा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने रबर व बूच यांना सोसत नाही. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास कोठी रिकामी करावी आणि जुने वॉशर बदलून घ्यावेत.

थंड एंजिनाच्या प्रारंभात पायाच्या बळापेक्षा बाष्पाच्या हिशेबाला अधिक महत्त्व आहे, हे यावरून स्पष्ट होईल. चालू न होणाऱ्या एंजिनात प्रथम ठिणगी पाहावी, नंतर ताजे पेट्रोल पोचते की नाही हे पाहावे, आणि शेवटी मिश्रणाचे प्रमाण तपासावे. या तीन गोष्टी पाहिल्यावाचून यंत्र निकामी ठरविणे योग्य नव्हे. भट्टीत एकदा वितळलेले एंजिन पुन्हा तपासता येत नाही.