साधेपणा : पानाचा आणि दप्तराचा

साधेपणा हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं तो साधा, आणि ज्यानें विचारपूर्वक नको तें दूर ठेविलें तोही साधाच, असें आपण म्हणून जातों. परंतु ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली परिस्थितीनें लादलेली असते. दुसरीस बुद्धि आणि श्रम लागतात. प्रस्तुत लेखांत मला ह्या दुसऱ्या प्रकाराविषयीं, आणि विशेषेंकरून आज घरोघरीं आलेल्या मोबाइलवरील पानांविषयीं, थोडेंसें लिहावयाचें आहे.

प्रथम आपल्या गांवचा किल्लाच घेऊं. मुचकुंदी नदीच्या मुखाशीं टेकडीवर बसलेला पूर्णगड आकारानें लहान. अर्ध्या तासांत पाहून होतो. दरवाजावर गणेश आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत, तेवढा शृंगार सोडला तर बाकीचें सर्व कामापुरतें. खाडींत शिरणारें गलबत नजरेच्या टप्प्यांत यावें, एवढ्यासाठीं जी जागा आणि जी उंची हवी ती साधली आहे. आपल्या घरांचीही तीच कथा. जांभा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडतां येतात. पुढें हवा लागली कीं तो टणक होतो. मात्र त्याच्या अंगीं छिद्रें फार, त्यामुळें बारीक नक्षीकाम त्यास मानवत नाहीं. कोंकणांतील घराचा साधेपणा निम्मा तर दगडानेंच ठरवून टाकला आहे, असें म्हटलें तरी चालेल!

संगणकावरील पानास असा कोणताही दगड आडवा येत नाहीं, आणि तेथेंच सारी अडचण आहे. इ. स. १९९१ मध्यें टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ सुरू केलें. त्यावर चित्र नव्हतें, रंगरंगोटी नव्हती. मजकूर, आणि एका मजकुराकडून दुसऱ्याकडे नेणारे दुवे, एवढेंच काय तें होतें. आज साधारणपणें एक पान उघडावयाचें म्हणजे दोन मेगाबाइटांहून अधिक भार यंत्रांत उतरवून घ्यावा लागतो. ह्याचा अर्थ काय, तें गणितानें पाहूं. पावसाळ्याच्या दिवसांत, डोंगराच्या आडोशास, सेकंदास शंभर किलोबिट एवढाच प्रवाह मिळतो असें समजा. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां दोन मेगाबाइट म्हणजे सोळा हजार किलोबिट, आणि त्यांस १६० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मिनिटें लागतील. तोच मजकूर केवळ वीस किलोबाइटांत बसविला तर दीड-पावणेदोन सेकंदांत समोर येईल. शहरांतील मोठ्या यंत्रावर हा भेद कोणास कळतही नाहीं. तो कळतो परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशीं भरणाऱ्या मुलास, आणि ज्याचा डेटा संपत आला आहे अशा त्याच्या बापास. पान जड कोणी केलें, आणि त्याचे पैसे कोण भरतो, ह्याचा मेळ बसत नाहीं, हेंच मला खटकतें.

हा भार येतो कोठून? पुष्कळांस वाटतें कीं आपली देवनागरीच जड आहे. त्यांत थोडें तथ्य आहे. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सामान्यतः तीन लागतात. ‘क्ष’ साठवावयाचा तर क, हलन्त आणि ष अशीं तीन चिन्हें, म्हणजे नऊ बाइट. तरीसुद्धां हजार चिन्हांचा मजकूर तीन किलोबाइटांच्या आसपासच राहतो, आणि न आखडलेलें एकच छायाचित्र त्याच्या शेंकडों पट जागा खातें. त्यावर जाहिराती, वाचकाचा माग काढणाऱ्या आज्ञावली, आणि एका पानासाठीं मागविलेले पांच-सहा प्रकारचे टंक. ह्या आज्ञावली नुसत्या उतरवून भागत नाहीं. यंत्रास त्या वाचून चालवाव्याही लागतात, आणि स्वस्त मोबाइल तेथेंच धापा टाकूं लागतो. दोष लिपीचा नव्हे.

उलट दिशेनेंही चूक होते, आणि ती अधिक फसवी. पान स्वच्छ दिसावें म्हणून सर्व शब्द पुसून कोपऱ्यांत तीन आडव्या रेघा तेवढ्या ठेवावयाच्या. त्या दाबल्या म्हणजे यादी उघडते, हें आजोबांनीं कसें ओळखावें? सूचनापत्राचें छायाचित्र काढून तेंच चिकटवून देण्याचीही अशीच एक रीत पडली आहे. करणाऱ्याचें काम झटपट झालें खरें. पण त्या चित्रांतील शब्द नुसत्या शोधानें सांपडत नाहींत, लहान पडद्यावर ओळी मोडून नीट बसत नाहींत, आणि अंध वाचकास यंत्र जें वाचून दाखवितें त्यास तेथें वाचावयास कांहींच मिळत नाहीं.

ह्या बाबतींत आपल्या मुद्रणाचा इतिहास फार बोधप्रद आहे. शिशाच्या खिळ्यांनीं मराठी छापावयाचें तर काना, मात्रा, रफार, जोडाक्षरें मिळून कित्येक शें निरनिराळे खिळे केसमध्यें लागत. जावजी दादाजी लहानपणीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामास होते. त्यांनीं १८६४ मध्यें स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचें पान उघडून पाहा : संस्कृत ग्रंथांतील अवघड जोडाक्षरेंही डोळ्यांस टोंचत नाहींत. त्यामागें पंचे कोरणाऱ्या कारागिराची दृष्टि आणि जुळाऱ्याची पाठ खर्चीं पडली आहे.

हे श्रम वांचवावे म्हणून लिपीच सोपी करण्याचा यत्न आपल्याच जिल्ह्यांत झाला. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत स्थानबद्ध होते. त्या काळांत त्यांनीं लिपिशुद्धीची चळवळ चालविली. अि, अी, अु, अू, अे, अै अशी अ ची बाराखडी केली म्हणजे सहा स्वतंत्र अक्षरें वांचतात, हा त्यांतील एक मुद्दा. ‘किर्लोस्कर’ मासिकानें ती पद्धत कांहीं काळ छापूनही दाखविली. तर्क बिनचूक होता. टंकलेखनयंत्राच्या मोजक्या कळांपुढें तो पटण्यासारखाही होता. परंतु येथें यंत्राचें ओझें वाचकाच्या डोळ्यावर येत होतें, आणि डोळ्यानें तें स्वीकारलें नाहीं. पुढें १९९१ मध्येंच युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस १२८ घरांचा एक कप्पा मिळाला. जोडाक्षरें त्यांत स्वतंत्र नाहींत. क, हलन्त, ष हे एकापुढें एक आले म्हणजे त्यांचा ‘क्ष’ करून दाखविण्याचें काम टंकाकडे सोंपविलें आहे. जुळाऱ्याचे कष्ट टंक रचणाऱ्यानें एकदांच करून ठेविले, आणि आपल्या इ-ई-उ-ऊ आहेत तशाच राहिल्या. गुंतागुंत नाहींशी झाली नाहीं. ती फक्त ज्याला पेलेल त्याच्याकडे गेली.

आतां दप्तराकडे वळतों, कारण तुमच्यापुरता हा विषय खांद्यावरचाच आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाप्रमाणें पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्याचें दप्तर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असूं नये. तीस किलोच्या मुलास तीन किलो, ह्यापुढें नाहीं. आपल्या राज्यांत २०२३-२४ पासून कांहीं इयत्तांचीं पाठ्यपुस्तकें चार भागांत विभागून त्यांत वहीचीं कोरीं पानें बांधण्यांत आलीं. कल्पना चांगली; पण मुलें पुस्तकांतलीं पानें असतांनाही वह्या आणूं लागलीं, आणि २०२५ मध्यें तीं कोरीं पानें रद्द करण्यांत आलीं. माझ्या मतें भार पुस्तकांत कमी आणि वेळापत्रकांत अधिक असतो. एका दिवशीं आठ विषय ठेवण्याऐवजीं पांच विषयांच्या जोडतासिका ठेविल्या, तर तीन विषयांचीं पुस्तकें-वह्या त्या दिवशीं घरीं राहतील. त्यासाठीं आम्हां शिक्षकांस तासांची मांडणी नव्यानें जुळवीत बसावें लागेल, आणि तें काम किचकट आहे. शाळेंत वजनकांटा ठेवून दप्तरें मधूनमधून तोलावीं, असेंही तें धोरण सांगतें. नवें वेळापत्रक लावण्यापूर्वीं एकदां आणि महिन्यानंतर पुन्हां एकदां सर्व वर्गांचीं दप्तरें तोलून आंकडे फळ्यावर मांडले, तर बेरीज-वजाबाकी तुम्हांलाच करतां येईल.