नदीत किती मासे असायला हवेत?

मंडळी, निधी गोळा करायला निघालं की एक प्रश्न हमखास समोर येतो, आणि तो यायलाच हवा: "पैसे देतो हो, पण त्यातून नक्की होणार काय?" शाळेला दोन खोल्या बांधून द्यायच्या असतील तर उत्तर सोपं असतं. खोल्या उभ्या राहिल्या, फोटो आला, हिशोब मिटला. पण एखादी नदी आणि तिच्यातले मासे, काठावरचे प्राणी-पक्षी पुन्हा नांदते करायचे असतील तर? "झालं काम" असं कधी म्हणायचं?

वाटतो तेवढा हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या सरकारी धरणांची वीज 'बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही सरकारी संस्था विकते. ती विकत घेणाऱ्या सार्वजनिक वीजमंडळांचे ग्राहक, म्हणजे नदीपलीकडच्या व्हँकुव्हरपासून पार सिअ‍ॅटलपर्यंतचे आपले कित्येक मराठी बांधव, आपल्या बिलातूनच मासे आणि वन्यजीवांसाठी पैसे भरत असतात. १९८० च्या दशकापासूनचा हा खर्च, माशांसाठी पाणी सोडल्यामुळे बुडालेलं विजेचं उत्पन्न धरून, १७ अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. थोडक्यात काय, आपण या नदीचे देणगीदार आहोतच, फक्त पावती मिळत नाही. तेव्हा या पैशाचं उद्दिष्ट काय आणि ते कसं ठरतं, हे समजून घेऊ या.

आधी थोडी ओळख

कोलंबिया कॅनडात उगम पावते आणि सुमारे २,००० किलोमीटर वाहून अ‍ॅस्टोरियाजवळ पॅसिफिक महासागराला मिळते. तिचं खोरं जवळजवळ फ्रान्स देशाएवढं आहे. इथला मानाचा मासा म्हणजे सामन. आपला हिलसा जसा समुद्रातून नदीत शिरून अंडी घालतो, तसाच हाही. (बंगाली शेजाऱ्याला विचारा, तो इलिशबद्दल तासभर बोलेल!) सामनचं पिल्लू गोड्या पाण्यात जन्मतं, समुद्रात जाऊन मोठं होतं आणि काही वर्षांनी बहुतेक वेळा आपल्या जन्मगावच्याच ओढ्यात परत येतं. या येण्याजाण्याच्या वाटेवर गेल्या शतकात एकामागून एक धरणं उभी राहिली. बॉनव्हिल धरण १९३८ साली पुरं झालं. तिथे माशांना चढून जायला पायऱ्या-पायऱ्यांचा जिना आहे. वरच्या ग्रँड कूली धरणाला मात्र असा जिनाच नाही. त्याच्या पलीकडचे शेकडो मैलांचे ओढे सामनला कायमचे बंद झाले.

५० लाखांचा आकडा आला कुठून?

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'नॉर्थवेस्ट पॉवर अ‍ॅक्ट' केला. त्यानुसार वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो आणि मॉन्टाना या चार राज्यांचे प्रत्येकी दोन सदस्य असलेली एक परिषद नेमली गेली. तिच्याकडे दोन कामं: विजेचं नियोजन, आणि धरणांनी मासे व वन्यजीवांचं जे नुकसान केलं त्याची भरपाई. १९८२ साली तिचा पहिला कार्यक्रम आला.

आता भरपाई करायची तर आधी नुकसान मोजायला हवं. कॅनिंग कारखान्यांच्या नोंदी, मूळ रहिवाशांची मासेमारी आणि उपलब्ध ओढ्यांची लांबी यांवरून परिषदेने अंदाज बांधला की गोऱ्या वसाहतींच्या आधी वर्षाला १ ते १.६ कोटी सामन आणि स्टीलहेड नदीत परत येत असावेत. १९८० च्या सुमाराला उरले होते साधारण २५ लाख. हा सगळा तोटा धरणांच्या खात्यावर मांडता येत नाही. अतिरेकी मासेमारी, खाणी, जंगलतोड, शेतीसाठी उपसलेलं पाणी हेही वाटेकरी होते. जलविद्युत प्रकल्पांचा वाटा ५० लाख ते १.१ कोटी माशांचा, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून १९८७ मध्ये पहिला टप्पा ठरला: आहेत त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० लाख. पुढे त्याला २०२५ ची मुदतही जोडली गेली.

ही मुदत गाठता आली नाही. अलीकडच्या वर्षांची सरासरी अजून निम्म्याच्या आसपासच आहे. मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा: उद्या ५० लाख मासे आले, तरी काम फत्ते झालं असं म्हणता येईल का?

एका आकड्यात काय काय लपतं

आयडाहोच्या डोंगरात सुमारे साडेसहा हजार फूट उंचीवर रेडफिश नावाचा तलाव आहे. तिथला सॉकाय जातीचा सामन समुद्रापासून सुमारे ९०० मैल आणि आठ धरणं पार करून घरी येतो. १९९१ मध्ये त्याला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. १९९२ मध्ये परत आला फक्त एक नर! लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', एकटा जीव लॅरी. मग उरल्यासुरल्या माशांपासून हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वंश टिकवला गेला. २०१४ साली दीड हजारांहून जास्त सॉकाय परतले. केवढी प्रगती!

पण केंद्र सरकारच्या पुनरुज्जीवन आराखड्यातलं उद्दिष्ट वाचा. रेडफिश तलावासाठी १,००० मासे, तेही नदी-तलावात नैसर्गिकरीत्या जन्मलेले, आणि दहा वर्षांच्या सरासरीने. २०१४ मध्ये आलेल्यांपैकी बहुतेक हॅचरीत वाढलेले होते. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या उन्हाळ्यात, नदीचं पाणी इतकं तापलं की कोलंबियातले सॉकाय लाखांच्या संख्येने वाटेतच मेले. एका वर्षाचा आकडा पाहून पेढे वाटले असते तर दुसऱ्या वर्षी तोंड लपवावं लागलं असतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची आहे. काय मोजणार हे आधी नीट लिहून घेतलं नाही, तर टीम जे मोजायला सोपं असतं तेच वाढवत बसते. इथे मोजायला सोपी आहेत ती सोडलेली पिल्लं. खोऱ्यातल्या हॅचऱ्या दर वर्षी दहा कोटींहून जास्त पिल्लं सोडतात. ही झाली कामाची मोजणी. फळाची मोजणी वेगळी: शंभर पिल्लं समुद्राकडे निघाली तर किती मोठी होऊन परतली? परिषदेचं यासाठीचं उद्दिष्ट आहे २ ते ६, सरासरी ४. स्नेक या मोठ्या उपनदीतल्या नैसर्गिक चिनूक सामनचं प्रमाण बऱ्याच वर्षी २ च्याही खाली राहतं. हे कळतं कसं? पिल्लांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण घालतात आणि धरणांवरचे सेन्सर ती वाचतात. प्रत्येक खुणेला स्वतंत्र नंबर, सगळ्यांचा एकच डेटाबेस.

२०२३ मध्ये ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेगर यांनी एका सहकाऱ्यासह बॉनव्हिल धरणावरचे पन्नास वर्षांचे आकडे तपासले. एवढ्या खर्चाने नैसर्गिक माशांची संख्या वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. हॅचरीतल्या माशांची संख्या मात्र वाढलेली दिसली. एकूण बेरीज तेवढी पाहत बसलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

मासे हवेत, पण कशासाठी?

उद्दिष्ट ठरवताना सगळ्यात जास्त खडाजंगी होते ती याच प्रश्नावर. १८५५ च्या तहांत नेझ पर्स, उमाटिला, याकामा आणि वॉर्म स्प्रिंग्सच्या जमातींनी प्रचंड जमीन दिली, पण पिढीजात जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे शंभर वर्षांनी, १० मार्च १९५७ रोजी, द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत त्यांचा सेलिलो धबधबा, हजारो वर्षांचं मासेमारीचं ठिकाण, पाण्याखाली गेला. 'धरणग्रस्त' हा शब्द आपल्याला कोयना-उजनीपासून माहीत आहे. इथेही तो चपखल बसतो. १९६९ आणि १९७४ च्या निकालांत केंद्रीय न्यायाधीशांनी तहाचा हक्क उचलून धरला.

आता बघा, एखादी जात नामशेष होणार नाही इतके मासे असणं ही एक पातळी. जाळं टाकून घरी नेता येतील इतके मासे असणं ही फार वरची पातळी. मासा यादीतून निघाला तर सरकारचं काम संपेल, पण ताटात मासा नसेल तर तहाचा शब्द पाळला गेला असं कोण म्हणेल? म्हणूनच २०१७ ते २०२० या काळात जमाती, राज्यं, शेतकरी, वीजवाले, बंदरं, मच्छीमार आणि पर्यावरणवादी अशा सगळ्यांना एकत्र बसवून जे उद्दिष्ट आखलं गेलं, त्यात प्रत्येक माशासाठी कमी, मध्यम आणि जास्त असे तीन आकडे आहेत. 'कमी' म्हणजे धोक्याबाहेर. 'जास्त' म्हणजे निरोगी आणि धरून खाण्याइतके मुबलक. वर्षानुवर्षं कोर्टात भांडणारी माणसं एका कागदावर आली, ही लहान गोष्ट नाही.

कागद मात्र स्वतःहून काही करत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जमाती आणि राज्यांबरोबर मोठा करार केला आणि जून २०२५ मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. स्नेक नदीवरची चार धरणं ठेवावीत की फोडावीत, हा वाद त्याच्या मुळाशी आहे. सरकारं बदलतात. म्हणूनच उद्दिष्ट आणि मोजणी स्पष्ट लिहिलेली असावी, म्हणजे कोण किती मागे हटलं ते तरी सगळ्यांना दिसतं.

आणि वन्यजीव?

हरणं, बदकं, बीव्हर यांची शिरगणती अवघड. तिथे बुडालेली जमीन मोजली गेली, पण नुसती एकरात नाही. एकर गुणिले दर्जा: विशिष्ट प्राण्यासाठी जागा कितपत योग्य आहे याला शून्य ते एक गुण. शंभर एकर निकृष्ट माळ आणि शंभर एकर उत्तम पाणथळ यांचा भाव एक नाही. आपल्या विलामेट खोऱ्यात २०१० साली ऑरेगन आणि बॉनव्हिलने करार करून २०२५ पर्यंत आणखी किमान १६,८८० एकर राखण्याचं ठरवलं. जागा कुठली, आकडा किती, मुदत कधीची, पैसे कोणाचे, सगळं लिहिलेलं. याला म्हणतात उद्दिष्ट.

देणगीदाराने विचारायचे प्रश्न

तेव्हा इथल्या किंवा आपल्या गावाकडच्या कुठल्याही नदीसाठी कोणी पैसे मागितले, तर एवढं जरूर विचारा: नक्की कोणता मासा किंवा प्राणी? कुठे मोजणार, आणि आज तिथे किती आहेत? हॅचरीतले आणि नैसर्गिक वेगळे मोजणार का? किती वर्षांची सरासरी आणि कधीपर्यंत? पुरे झालं हे ठरवणार कोण, आणि नदीवर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारलं का? उत्तर पूर्ण मिळालं नाही तरी मदत थांबवू नका, उत्तर लिहून घ्यायला मदत करा. आपल्यात इंजिनिअर काही कमी नाहीत!

आणखी एक. परिषदेचा कार्यक्रम दर पाच वर्षांनी तरी नव्याने तपासावा असं कायदाच सांगतो, आणि मसुद्यावर सर्वसामान्य माणूसही मत कळवू शकतो. वीजबिल भरणारा तर नक्कीच. सप्टेंबरात मुलांना घेऊन बॉनव्हिल धरणावर जा. तळघरातल्या काचेच्या खिडकीतून जिना चढणारे चिनूक अगदी हातभर अंतरावरून दिसतात. शेजारच्या खोलीतून ते एक-एक करून मोजले जातात. मुलं विचारतील, "हे पुरेसे आहेत का?" त्या प्रश्नावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं चार राज्यं भांडत आहेत, हे त्यांना जरूर सांगा.