जुन्या मालमोटारीच्या दाराचें कुलूप

महामार्गावर एखादी जुनी मालमोटार शेजारून जाते, तेव्हां कित्येकदां तिचें दार आंतून दोरीनें ओढून बांधलेलें दिसतें. पाहणाराला हंसूं येतें. परंतु त्या दोरीच्या भरंवशावर एक माणूस बसलेला असतो, आणि वळणावर गांठ सुटली तर तो कोठें फेंकला जाईल याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ‘कुलूप बिघडलें’ एवढेंच म्हणून विषय संपतो.

वस्तुतः दाराच्या पोटांत दोन निरनिराळीं यंत्रें असतात: किल्लीनें फिरणारें कुलूप, आणि चौकटीवरच्या पोलादी खुंटीला धरून ठेवणारा खटका. पहिल्याचा संबंध चोराशीं, दुसऱ्याचा बसणाऱ्याच्या जिवाशीं. म्हणून झिजलें काय, याचा निर्णय आधीं झाला पाहिजे.

किल्लीच्या कुलुपांत एका फिरत्या दंडगोलांत पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीनें बसविलेल्या असतात व प्रत्येकीला बारीकशी स्प्रिंग असते. किल्ली नसतांना या पट्ट्या बाहेर डोकावून कवचाच्या खांचेंत अडकतात. योग्य किल्लीचे दांते त्यांना नेमक्या उंचीवर आणतात, साऱ्या पट्ट्या आंत सरतात व दंडगोल फिरतो. अशा कुलुपाचें पेटंट अमेरिकेंत फिलो फेल्टर यानें १८६८ सालीं घेतलें. मेजाच्या खणाचें साधें कुलूपहि पुष्कळदां याच जातीचें असतें. किल्ली किंचित मागें ओढून फिरविल्यावर कुलूप उघडत असेल, तर झीज बहुधा किल्लीची. क्वचित वापरलेली दुसरी किल्ली लावून पाहावी. झिजलेल्या किल्लीची नक्कल काढणें व्यर्थ. तींत झीजहि उतरते. किल्लीवर वा कुलुपावर आंकडा कोरलेला असल्यास त्यावरून मूळच्या मापाची किल्ली कापतां येते. तेल मात्र ओतूं नये. त्यावर धूळ बसून पट्ट्या चिकटतात. ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरे.

दारच मिटत नसेल तर तें अर्धवट उघडून कडेला वर उचलून पाहावें. तें खालींवर हललें तर बिजागरीच्या खिळी झिजल्या आहेत, खटका निर्दोष असूं शकेल. खुंटी सैल करण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं पेन्सिलीची रेघ मारावी, नाहींतर मूळ जागा सांपडत नाहीं. खुद्द खटक्याला सामान्यतः दोन टप्पे असतात, अर्धें मिटण्याचा व पूर्ण मिटण्याचा. दार उघडें ठेवून पेचकसानें तो फिरवावा. पूर्ण मिटल्यावर मूठ न ओढतांच सुटला, तर तो बदलणेंच प्राप्त आहे. दांत्यावर वेल्डिंगचा थर चढविणें ही काटकसर नव्हे.

टाटांनीं डेमलर-बेंझच्या सहकार्यानें जमशेदपुरास १९५४ सालीं मालमोटारी बांधावयास घेतल्या. अशा पुष्कळ गाड्या केवळ सांगाड्याच्या रूपानें विकल्या जात व चालकाची खोली दुसऱ्या कारखान्यांत चढे. साहजिकच एकाच सालच्या दोन गाड्यांचीं कुलुपें भिन्न निघतात. म्हणून बाजारांत जातांना जुना खटका नमुन्याला न्यावा, आणि तो डाव्या दाराचा कीं उजव्या, हें पाहून घ्यावें. नव्या कुलुपाची किल्ली वेगळी पडते खरी. पण कुशल कारागीर निरनिराळ्या उंचीच्या पट्ट्या बदलून तें जुन्या किल्लीला जुळवून देतो.

दाराचें अस्तर काढण्यापूर्वीं कांच पूर्ण वर चढवावी, म्हणजे हात घालावयास जागा होते. नवा खटका बसविल्यावर दार लगेच लोटूं नये. पेचकसानें तो मिटवून आंतल्या व बाहेरच्या दोन्हीं मुठींनीं सुटतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. एखादी दांडी जोडावयाची राहिली असेल, तर मिटलेलें दार पुन्हां उघडणें फार कठीण जातें.