नांगर ते जाळे : उद्योग नवे तंत्रज्ञान कसे निवडतात?

वाई म्हटले की कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय आठवते. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही वाईच्या औद्योगिक वसाहतीत दोर आणि मासेमारीची जाळी तयार होतात. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘गरवारे वॉल रोप्स’ कंपनीचा हा कारखाना. साध्या दोर-जाळ्यांबरोबर या कंपनीने नॉर्वे, चिली अशा थंड समुद्रांच्या देशांतील सॅल्मन माशांच्या पिंजऱ्यांसाठी खास जाळी बनवण्याचे काम हाती घेतले. २०१८ मध्ये तिने ‘गरवारे टेक्निकल फायबर्स’ हे नाव घेतले.

नवी तंत्रे रोज निघतात. पैसा, माणसे आणि वेळ मात्र मोजकीच असतात. मग उद्योगाने कशाच्या मागे लागावे? यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न : या तंत्राने कोणाची अडचण दूर होते? सॅल्मनची पैदास समुद्रात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत करतात. जाळीवर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव वाढतात व छिद्रे बुजतात. आतले पाणी खेळते राहत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि मासे दगावू शकतात. म्हणून जाळीला तांबेयुक्त लेप देत. तांबे या जीवांना मानवत नाही. पण लेप हळूहळू धुऊन जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. तांब्याचा अंश धाग्यातच मिसळला तर? येथे तंत्राला नेमकी गरज भेटते.

दुसरा प्रश्न : आपल्या हातात असलेल्या कौशल्याशी ते जुळते का? प्लॅस्टिक वितळवून धागा काढणे, तो ताणून मजबूत करणे, पिळणे आणि विणणे हे दोर-जाळ्यांच्या कारखान्याचे रोजचे काम. नवे जाळे ही त्याच झाडाची नवी फांदी. याच कारखान्याने औषधे बनवायचे ठरवले असते, तर त्याला ‘अआइई’पासून सुरुवात करावी लागली असती.

तिसरा प्रश्न : फळ मिळेपर्यंत तग धरता येईल का? याचे उत्तम उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १९०३ च्या सुमारास बेळगावात त्यांनी परदेशी नांगर अभ्यासून लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथवतो. तंत्र योग्य होते. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रेही बनत होती. एकाच मालावर सारी भिस्त नसली की अशी वाट पाहणे सोपे जाते. पुढे औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १९१० मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तंत्र चांगले असणे आणि ते लोकांनी स्वीकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

मग धोका टाळून जुन्यालाच चिकटून राहिले तर? तोही धोकाच. कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये फिल्मविना चालणारा डिजिटल कॅमेरा तयार केला होता. परंतु कंपनीची कमाई फिल्मवर होती. स्वतःचाच धंदा मोडणारे तंत्र तिने मनापासून पुढे नेले नाही. २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. अशा निर्णयांची झळ केवळ मालकांना बसत नाही. कामगारांना आणि त्यांच्यावर चालणाऱ्या गावांनाही ती बसते.

हे तीन प्रश्न विचारल्याने यशाची हमी मिळत नाही. मात्र ‘नवे आहे म्हणून घ्या’ आणि ‘जुने आहे म्हणून ठेवा’ या दोन्ही चुकांपासून सावध राहता येते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. नायलॉनच्या आणि पॉलिएथिलीनच्या दोराचे छोटे तुकडे घ्या. पाण्यात दाबून त्यांतली हवा घालवा आणि सोडून द्या. नायलॉन बुडते, पॉलिएथिलीन तरंगते. कारण पहिल्याची घनता पाण्यापेक्षा जास्त, दुसऱ्याची कमी. मग विद्यार्थ्यांना विचारा : नाव बांधायला कोणता दोर घ्याल, आणि पाण्यात खोल सोडायच्या जाळ्याला कोणता? का? उत्तर देताना ते नकळत पहिल्या प्रश्नापाशीच येतील.